सरकारी रोखे आणि नाणेबाजार: पीएफचा, मोबदल्याचा पैसा कुठेही गुंतवण्याआधी हे समजून घ्या

बोईसर-तारापूर एमआयडीसीत पंचवीस-तीस वर्षे नोकरी केलेल्या माणसाच्या हातात निवृत्तीच्या वेळी पीएफ आणि ग्रॅच्युइटी मिळून आयुष्यातली सर्वात मोठी रक्कम येते. पालघर जिल्ह्यात दुसरा मोठा पैसा जमिनीचा. बुलेट ट्रेन, मालगाड्यांचा स्वतंत्र रेल्वेमार्ग, मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग अशा कामांसाठी अनेक गावांतल्या जमिनी गेल्या आणि मोबदला खात्यात जमा झाला. तिसरा पैसा आखातातून येतो, मुलगा दुबई-कतारला असला की घरी दरमहा रक्कम येत राहते.

असा पैसा आला की आठवडाभरात घरी दोन प्रकारचे लोक येतात. एक सांगतो, "सरकारी बाँड आहे चाचा, डोळे मिटून टाका." दुसरा सांगतो, "सूद नाही, हलाल नफा आहे, दरमहा घरपोच." दोघांच्याही बोलण्यात एक शब्द असा असतो की ऐकणारा पुढचा प्रश्नच विचारत नाही. पहिल्याच्या तोंडी 'सरकारी', दुसऱ्याच्या तोंडी 'हलाल'.

या लेखात सरकारी रोखे म्हणजे काय, नाणेबाजार म्हणजे काय, त्यात धोका कुठे असतो आणि शरीयतच्या दृष्टीने कोणते प्रश्न उभे राहतात, हे एका ठिकाणी मांडले आहे. फतवा देणे हे या लेखाचे काम नाही, ते मुफ्ती साहेबांचे. पण मुफ्ती साहेबांसमोर मसला नीट मांडायचा तर आपल्या हातातला कागद काय आहे हे आधी आपल्याला कळायला हवे.

आपला पैसा आधीच रोख्यांत आहे

"आम्ही बाँड-बिंड घेत नाही," असे अनेक जण म्हणतात. पण पगारातून पीएफ कापला जात असेल, तर त्या पैशाचा मोठा भाग सरकारी रोख्यांतच आहे. केंद्र सरकारने २०१५ मध्ये ठरवून दिलेल्या चौकटीनुसार पीएफच्या नव्या रकमेपैकी ४५ ते ६५ टक्के सरकारी रोख्यांत, २० ते ४५ टक्के कंपन्या व बँकांच्या कर्जरोख्यांसारख्या साधनांत, ५ ते १५ टक्के शेअरबाजाराशी जोडलेल्या फंडांत आणि जास्तीत जास्त ५ टक्के नाणेबाजारात जातात. २०२४-२५ साठी पीएफवर जाहीर झालेला ८.२५ टक्के दर याच कमाईतून येतो.

बँकेचेही तसेच. प्रत्येक बँकेला तिच्याकडच्या ठेवींचा एक हिस्सा मुख्यतः सरकारी रोख्यांत ठेवावा लागतो. हे प्रमाण १८ टक्के आहे. एलआयसीच्या पॉलिसीचा पैसाही मोठ्या प्रमाणात तिथेच जातो. म्हणजे हा विषय फक्त मोठ्या शेठ लोकांचा नाही. तारापूरच्या कारखान्यात हेल्पर असलेल्या माणसाच्या पासबुकापर्यंत तो आलेला आहे.

रोखा म्हणजे कर्जाची चिठ्ठी

शेअर घेतला तर आपण कंपनीत भागीदार होतो. रोखा घेतला तर आपण फक्त कर्ज देतो. रोखा म्हणजे "मी तुमच्याकडून एवढे पैसे घेतले, अमुक तारखेला परत करीन, तोवर वर्षाला एवढे टक्के देईन" असे लिहिलेली चिठ्ठी. ती सरकारने लिहिली तर सरकारी रोखा, कंपनीने लिहिली तर कंपनीचा कर्जरोखा. पूर्वी ही चिठ्ठी खरोखर कागदाची असे. आता ती संगणकातली एक नोंद असते.

सरकार कर्ज का घेते? कराचा पैसा रस्ते, पगार, पेन्शन आणि मोठे प्रकल्प यांना पुरत नाही म्हणून. उदाहरण आपल्या दारातच आहे. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या बारा स्थानकांपैकी एक बोईसर. या प्रकल्पाचा मूळ अंदाज १ लाख ८ हजार कोटी रुपयांचा होता आणि त्यापैकी सुमारे ८१ टक्के रक्कम जपानकडून ५० वर्षांच्या मुदतीने, ०.१ टक्के व्याजाने कर्ज म्हणून ठरली. ते कर्ज दुसऱ्या देशाने दिले. तसेच कर्ज सरकार देशातल्या बँका, विमा कंपन्या, पीएफ आणि तुमच्या-आमच्यासारख्या नागरिकांकडूनही घेते. त्या कर्जाच्या चिठ्ठ्या म्हणजे सरकारी रोखे. ते विकण्याचे आणि त्यांचा हिशेब ठेवण्याचे काम रिझर्व्ह बँक करते.

सरकारी कागदांचे मुख्य प्रकार

ट्रेझरी बिल. केंद्र सरकारचे अल्पमुदतीचे कर्ज. मुदत ९१, १८२ किंवा ३६४ दिवस. यावर वेगळे व्याज मिळत नाही. बिल दर्शनी किमतीपेक्षा कमी भावात मिळते आणि मुदत संपली की पूर्ण दर्शनी किंमत हातात येते. समजण्यापुरते उदाहरण घेऊ. १ लाख रुपयांचे ९१ दिवसांचे बिल ९८,४०० रुपयांना मिळाले. तीन महिन्यांनी १ लाख मिळाले. कमाई १,६०० रुपये. वर्षाच्या हिशेबाने हा दर सुमारे साडेसहा टक्के पडतो.

दीर्घ मुदतीचा सरकारी रोखा. मुदत एक वर्षाहून जास्त, अगदी ५० वर्षांपर्यंत. ठरलेले व्याज साधारणपणे दर सहा महिन्यांनी खात्यात जमा होते आणि मुदत संपल्यावर मुद्दल परत मिळते. रोख्याच्या नावातच दर आणि वर्ष असते. '७ टक्के, २०३४' असे लिहिले असेल तर दर ७ टक्के आणि परतफेड २०३४ मध्ये.

राज्य सरकारचे रोखे. महाराष्ट्र सरकारही असे कर्ज घेते. हे रोखेही रिझर्व्ह बँकच विकते. यांचा दर केंद्राच्या रोख्यापेक्षा सहसा किंचित जास्त असतो. परतफेडीची जबाबदारी राज्याची असते.

फ्लोटिंग रेट सेव्हिंग्ज बाँड. १ जुलै २०२० पासून सुरू. मुदत ७ वर्षे, सुरुवात १,००० रुपयांपासून. पोस्टातल्या राष्ट्रीय बचत प्रमाणपत्राचा जो दर असेल त्यात ०.३५ टक्का मिळवून याचा दर ठरतो आणि तो दर सहा महिन्यांनी, १ जानेवारी व १ जुलैला, नव्याने पाहिला जातो. २०२५ मध्ये हा दर ८.०५ टक्के होता. आकडा चांगला दिसतो, पण अट नीट वाचा. हा बाँड बाजारात विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही आणि मुदतीआधी पैसे काढण्याची सोय फक्त ६० वर्षांवरच्यांना आहे. तीही ६० ते ७० वयाला सहा वर्षांनंतर, ७० ते ८० वयाला पाच वर्षांनंतर आणि ८० च्या पुढे चार वर्षांनंतर. मुलीचा निकाह तीन वर्षांवर असेल तर तो पैसा यात अडकवू नये. अनिवासी भारतीयांना हा बाँड घेता येत नाही, त्यामुळे आखातात असलेल्या मुलाच्या नावाने तो घेण्याचा प्रश्नच येत नाही.

सॉव्हरिन गोल्ड बाँड. नोव्हेंबर २०१५ मध्ये सुरू झाले. सोन्याच्या भावाशी जोडलेले, मुदत ८ वर्षे, आणि वर वर्षाला व्याज. अलीकडच्या हप्त्यांत ते अडीच टक्के होते. फेब्रुवारी २०२४ नंतर सरकारने याचा नवा हप्ता काढलेला नाही. जुने बाँड शेअरबाजारात विकले-घेतले जातात. कोणी "सरकारचा नवा गोल्ड बाँड आलाय" असे सांगत असेल तर आधी बँकेत खात्री करा.

पोस्टाच्या योजना. राष्ट्रीय बचत प्रमाणपत्र, मासिक उत्पन्न योजना, ज्येष्ठ नागरिक बचत योजना हे तांत्रिक अर्थाने बाजारातले रोखे नाहीत, पण त्यातला पैसाही सरकारकडेच जातो आणि परतफेडीची हमी केंद्र सरकारची असते.

नाणेबाजार म्हणजे काय

'मनी मार्केट' ऐकून दलाल स्ट्रीट डोळ्यांसमोर येते. पण नाणेबाजार ही इमारत नाही. एक दिवसापासून एक वर्षापर्यंतच्या मुदतीने मोठमोठ्या संस्था एकमेकांना पैसे उसने देतात, त्या व्यवहारांना मिळून नाणेबाजार म्हणतात. किराणा दुकानदार शेजारच्या दुकानदाराकडून "संध्याकाळी देतो" म्हणून रक्कम घेतो, तसेच बँका करतात. एका बँकेने दुसरीला एका रात्रीसाठी दिलेले पैसे म्हणजे कॉल मनी. रोखे गहाण ठेवून घेतलेले अल्पमुदतीचे कर्ज म्हणजे रेपो. ट्रेझरी बिल हेही याच बाजारातले साधन.

बाकीची दोन साधने लक्षात ठेवण्यासारखी आहेत. सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट हे बँकेने काढलेले, दुसऱ्याला विकता येणारे ठेवपत्र. भारतात ते १९८९ मध्ये आले. पुढच्याच वर्षी कमर्शियल पेपर आला. हे कंपनीचे अल्पमुदतीचे वचनपत्र, मुदत किमान ७ दिवस आणि जास्तीत जास्त एक वर्ष. तारापूरच्या पट्ट्यात पोलाद, रसायने, औषधे, कापड यांचे कारखाने आहेत. कच्चा माल आज घ्यावा लागतो आणि ग्राहकाचे पैसे दोन-तीन महिन्यांनी येतात. मधली खिंड भरण्यासाठी मोठ्या कंपन्या असा पेपर काढतात. त्यामागे काहीही तारण नसते, फक्त कंपनीची पत असते.

कमर्शियल पेपर सामान्य माणूस थेट घेत नाही, त्याची एक चिठ्ठीच ५ लाखांची असते. पण लिक्विड फंड किंवा मनी मार्केट फंड नावाच्या म्युच्युअल फंडांतून तो आपल्यापर्यंत येतो. म्हणून २०१८ ची गोष्ट माहीत असावी. आयएल अँड एफएस या मोठ्या समूहाच्या कागदांना मानांकन संस्थांनी ऑगस्टपर्यंत सर्वोच्च दर्जा दिलेला होता. सप्टेंबरमध्ये समूहाने कमर्शियल पेपरचे पैसे चुकवले. ज्या फंडांकडे ते कागद होते, त्यांच्या गुंतवणूकदारांना फटका बसला. एप्रिल २०२० मध्ये फ्रँकलिन टेम्पलटनने सहा कर्जरोखे फंड अचानक बंद केले आणि लोकांचे पैसे टप्प्याटप्प्याने परत मिळायला बराच काळ लागला. फंडाच्या नावात 'लिक्विड' किंवा 'मनी मार्केट' असले तरी तो सरकारी कागद नसतो. फंडाने आत काय घेतले आहे हे दरमहा जाहीर होणाऱ्या यादीत बघता येते.

'सुरक्षित' म्हणजे कशापासून सुरक्षित?

पहिला धोका म्हणजे पैसे बुडण्याचा. केंद्र सरकारच्या रुपयातल्या रोख्यांत हा धोका सर्वात कमी मानला जातो. कंपनीच्या रोख्यात तो कंपनीगणिक बदलतो. मार्च २०२० मध्ये येस बँकेला वाचवताना तिचे एटी-१ प्रकारचे ८,४१५ कोटी रुपयांचे बाँड एका फटक्यात शून्य झाले. 'बँकेचा बाँड' म्हणजे बँकेची ठेव नव्हे, हे त्या वेळी अनेकांना पहिल्यांदा कळले.

दुसरा धोका भावाचा. हा सरकारी रोख्यालाही असतो. समजा तुमच्याकडे १०० रुपये दर्शनी किमतीचा, ७ टक्क्यांचा, १० वर्षांचा रोखा आहे. उद्या बाजारातला दर ८ टक्के झाला. आता नवा रोखा ८ देत असताना तुमचा ७ चा कोण १०० ला घेईल? तो सुमारे ९३ रुपयांना जाईल. उलट बाजारातला दर ६ वर आला तर तुमच्या रोख्याला सुमारे १०७ मिळतील. दर चढले की रोख्याचा भाव उतरतो, दर उतरले की भाव चढतो, आणि मुदत जितकी लांब तितका हा झोका मोठा. मुदत संपेपर्यंत थांबलात तर १०० मिळणारच. मध्ये घरात आजारपण निघून विकावा लागला, तर तोटा होऊ शकतो.

तिसरा धोका महागाईचा. वर्षाला ६ टक्के महागाई धरली तर आजच्या दहा लाखांची खरी किंमत बारा वर्षांत जवळजवळ निम्मी होते. कपाटात किंवा चालू खात्यात पडलेला पैसा आकड्याने तेवढाच राहतो, पण त्यात येणारा बाजार अर्धा होतो.

आणि बँकेतली ठेव? तिला ठेव विमा महामंडळाचे संरक्षण आहे, पण एका बँकेत एका ठेवीदाराला ५ लाखांपर्यंतच, तेही मुद्दल आणि व्याज मिळून. ४ फेब्रुवारी २०२० पूर्वी ही मर्यादा फक्त १ लाख होती. बचत, मुदत आणि चालू, तिन्ही खाती मिळून हे ५ लाख मोजले जातात. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खातेदाराला फक्त १,००० रुपये काढता येत होते. बँकेच्या कर्जाचा प्रचंड हिस्सा एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाकडे अडकला होता. जानेवारी २०२२ मध्ये ती बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली, पण ५ लाखांवरची रक्कम असलेल्या घरगुती ठेवीदारांना उरलेला पैसा दहा वर्षांपर्यंतच्या टप्प्यांत मिळणार असे ठरले. म्हणून ३० लाख एकाच सहकारी बँकेत ठेवू नयेत. आणि पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. गावातली पतसंस्था कितीही ओळखीची असली, व्याजी असो की बिनव्याजी, तिच्या ठेवींना हा विमा लागू नाही.

दीनचा मसला: मतभेद कुठे आहे आणि कुठे नाही

कर्जावर ठरवून घेतलेली वाढ म्हणजे रिबा, यावर उलेमांत व्यापक एकमत आहे. रोखा हे कर्ज आहे, त्यामुळे त्यावरचे ठरलेले व्याज बहुसंख्य उलेमांच्या मते नाजायज ठरते. जेद्दा येथील आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने मार्च १९९० मध्ये नेमक्या याच विषयावर ठराव केला. त्यात व्याज देणारे रोखे तर आलेच, पण व्याज न देता कमी भावात विकले जाणारे रोखेही त्याच हुकुमात धरले. काही एजंट सांगतात, "ट्रेझरी बिलात व्याजच नाही, फक्त सूट आहे, म्हणजे हलाल." त्या ठरावासमोर हा युक्तिवाद टिकत नाही. ९८,४०० देऊन १ लाख घेणे म्हणजे कर्जावरची वाढच, नाव काहीही द्या.

वेगळे मतही आहे. १९८९ मध्ये इजिप्तचे तेव्हाचे मुफ्ती सय्यद तंतावी यांनी सरकारच्या गुंतवणूक प्रमाणपत्रांना परवानगी देणारा फतवा दिला. त्यावर जगभर वाद झाला आणि बहुसंख्य उलेमांनी तो मान्य केला नाही. हे मत अस्तित्वात आहे एवढे माहीत असावे. ते स्वीकारायचे की नाही, हे आपल्या भरवशाच्या आलिमांना विचारावे.

पीएफचा मसला वेगळा आहे. सक्तीने कापला जाणारा पैसा कामगाराच्या ताब्यात आलेलाच नसतो, म्हणून त्यावर मिळणारी वाढ रिबा ठरत नाही, असे उपखंडातल्या अनेक मुफ्तींचे मत आहे. मुफ्ती मुहम्मद शफी यांनी यावर स्वतंत्र रिसाला लिहिला होता. आपल्या मर्जीने जास्त कपात करून घेतली असेल, म्हणजे ऐच्छिक पीएफ असेल, तर मात्र सावधगिरी बाळगायला सांगितले जाते. त्यामुळे निवृत्तीच्या वेळी पीएफच्या पावतीवरचे आकडे वेगवेगळे लिहून घ्या आणि तो कागद घेऊन मुफ्ती साहेबांकडे जा. नुसते "पीएफ जायज आहे का" विचारल्यास उत्तर अर्धेच मिळेल.

बचत खात्यात आपोआप आलेल्या व्याजाबाबत साधारणपणे सांगितले जाते की ते स्वतःसाठी वापरू नये, बँकेतही सोडू नये, तर सवाबची नियत न करता गरजूंना देऊन टाकावे. हे जकातमध्ये धरता येत नाही. मुद्दलावरची जकात वेगळी द्यावीच लागते.

मग पर्याय काय? काही देशांत सरकारच सुकूक काढते. सुकूक म्हणजे एखाद्या मालमत्तेतला हिस्सा. त्या मालमत्तेच्या भाड्यातून धारकाला उत्पन्न मिळते. इंडोनेशियाचे सरकार २००९ पासून सामान्य नागरिकांना सुकूक विकते. ब्रिटननेही २०१४ मध्ये २० कोटी पौंडांचे सुकूक काढले. भारतात सरकारी सुकूक नाही. रघुराम राजन समितीने २००८ मध्ये बिनव्याजी बँकिंगची सोय करावी असे सुचवले होते, पण २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने हा प्रस्ताव पुढे न नेण्याचा निर्णय घेतला.

उरतात ते मार्ग असे. व्याज नसलेले चालू खाते, ज्याला ५ लाखांचा ठेव विमा आहे, पण किमान शिल्लक सांभाळावी लागते आणि महागाई पैसा खाते. सोने, जे व्याजमुक्त आहे, पण भाव खाली येऊ शकतो आणि दागिन्यात घडणावळ जाते. भाड्याने देण्याजोगी खोली किंवा गाळा. आणि शरीयतचे निकष लावून शेअर निवडणारे म्युच्युअल फंड, उदाहरणार्थ १९९६ पासूनचा टाटा एथिकल फंड. असा फंड म्हणजे शेअरबाजार, मुद्दलाची हमी नाही, पाच-सात वर्षे न लागणारा पैसाच तिथे चालतो. यातला प्रत्येक मार्ग काहीतरी मागतो. व्याज न घेता, धोकाही न घेता, दरमहा ठरलेली रक्कम देणारा मार्ग नाही, आणि जो तसे सांगतो त्याच्यापासून सांभाळा.

'हलाल' नावाने झालेली फसवणूक

ही ताकीद हवेतली नाही. बेंगळुरूच्या आयएमए कंपनीत हजारो मुस्लिम कुटुंबांनी हलाल नफा म्हणून निवृत्तीचा, लग्नाचा, हजचा पैसा ठेवला होता. जून २०१९ मध्ये कंपनीचा प्रमुख देश सोडून गेला आणि लोक बंद दरवाजासमोर उभे राहिले. जुलैमध्ये त्याला अटक झाली, पण पैसा त्याच्याबरोबर परत आला नाही. त्याआधी २०१८ मध्ये हैदराबादच्या हीरा ग्रुपच्या बाबतीतही सोन्याच्या व्यापारातून बिनव्याजी नफा देण्याच्या योजनेवरून तक्रारी, अटक आणि दीर्घ कोर्टकचेरी झाली.

खऱ्या भागीदारीत नफा कधी जास्त, कधी कमी असतो, आणि तोट्यातही वाटा असतो. दर महिन्याला ठरलेलाच 'नफा' येत असेल, तर ती मुदारबा कसली? शरीयतचा हा साधा निकष लावला तरी निम्म्या योजना दारातच अडतात.

स्वतः घ्यायचे असेल तर रस्ता

ज्यांना सरकारी रोखे घ्यायचे आहेत त्यांना एजंटची गरज नाही. १२ नोव्हेंबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेची 'रिटेल डायरेक्ट' सेवा सुरू आहे. पॅन कार्ड, बचत खाते, केवायसीची कागदपत्रे, ईमेल आणि मोबाइल नंबर असला की घरबसल्या खाते उघडते. खाते उघडायला आणि चालवायला फी नाही. मे २०२४ पासून मोबाइल अ‍ॅपही आहे. ट्रेझरी बिल किंवा रोखा किमान १०,००० रुपयांपासून घेता येतो. लिलाव साधारणपणे राज्यांच्या रोख्यांचा मंगळवारी, ट्रेझरी बिलांचा बुधवारी आणि केंद्राच्या रोख्यांचा शुक्रवारी असतो. नॉमिनीचे नाव खाते उघडतानाच भरा. व्याज आणि नफ्यावर आयकर लागतो.

जमिनीच्या मोबदल्याबाबत एक गोष्ट. "टॅक्स वाचवायचा तर सहा महिन्यांत बाँड घ्यावेच लागतील" असे सांगून पाच वर्षे न काढता येणारे कॅपिटल गेन बाँड विकले जातात. २०१३ च्या भूसंपादन कायद्याखाली मिळालेल्या मोबदल्याला मुळात आयकरातून सूट आहे, आणि ग्रामीण शेतजमिनीच्या विक्रीचाही नियम वेगळा आहे. थेट खरेदीखत झाले असेल तर गोष्ट बदलू शकते. म्हणून निवाड्याचा किंवा खरेदीखताचा कागद आधी सीएला दाखवा, सही नंतर करा.

कागद हातात आला की हे विचारा

१. कर्ज घेणारा कोण? केंद्र सरकार, राज्य, बँक, की खासगी कंपनी? कागदावर बारा अक्षरांचा आयएसआयएन क्रमांक असतो. कंपनीच्या कागदाचा क्रमांक 'आयएनई' या अक्षरांनी सुरू होतो. सरकारी रोख्यात 'आयएन' नंतर लगेच आकडा येतो. क्रमांकच नसेल तर विषय तिथेच संपवा.

२. मुदत किती, आणि मध्येच पैसे लागले तर? "कधीही मिळतील" हे तोंडी नको, कागदावर दाखवायला सांगा.

३. मिळणारी रक्कम ठरलेली आहे की नफ्या-तोट्यावर अवलंबून? याच उत्तरावर मुफ्ती साहेबांचे उत्तर अवलंबून असेल.

४. पैसे कुणाच्या खात्यात जातात? सरकारी रोख्याचे पैसे कधीही एजंटच्या खात्यात किंवा त्याच्या क्यूआर कोडवर जात नाहीत.

५. योजना कुणाकडे नोंदलेली आहे? रिझर्व्ह बँक, सेबी की कुणाकडेच नाही? नोंद नसलेल्या ठेव योजनांवर २०१९ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. संशय असेल तर रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' पोर्टलवर तक्रार करता येते. महाराष्ट्रात ठेवीदारांच्या संरक्षणाचा १९९९ चा कायदाही आहे, त्याखाली पोलिसांकडे जाता येते.

हे पाच प्रश्न विचारताना घरातल्या बायकांनाही समोर बसवा. अनेक घरांत रक्कम कुठे ठेवली हे फक्त मियाँला माहीत असते, आणि तो गेल्यावर बेवा कागद शोधत बँकांचे उंबरठे झिजवते. कोणता कागद कुठे आहे, कोणाच्या नावाने आहे, नॉमिनी कोण आहे, हे एका वहीत लिहून ठेवा. विरासतचे हिस्से शरीयतने ठरवून दिले आहेत, पण वाटायला आधी तो पैसा सापडायला हवा. माल ही अमानत आहे. ती कुणाच्या हवाली करायची याचा निर्णय पाहुण्याचा चहा संपेपर्यंत करायचा नसतो, त्याला चार दिवसांनी यायला सांगा. खरा कागद चार दिवस थांबतो.